दीड वीत आखूड

मी पलंग आहे. निदान लोक मला पलंग म्हणतात. आता रंग उडाला, कोपरे झिजले, म्हणजे रीतीप्रमाणे माझी कहाणी सांगायची वेळ झाली. मित्रांनो, अशा कहाण्या तुम्ही पुष्कळ वाचल्या असतील. कधी जुनी छत्री बोलते, कधी फाटके पुस्तक, कधी शाळेची घंटा. बिचारी सगळी गोड बोलतात, तुमची सेवा केली म्हणतात आणि शेवटी डोळ्यांना पदर लावतात. माझ्याकडून तशी आशा ठेवू नका. मी चिडलेला पलंग आहे. तुम्हाला मित्र म्हणतो तेही केवळ पद्धत आहे म्हणून. तुमच्यासारखे कितीतरी लोक माझ्याकडे बघून 'अय्या, किती छान!' म्हणून गेले, आणि एकालाही मला हात लावून बघावेसे वाटले नाही. त्याचा राग अजून गेलेला नाही.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. समोर सुतार होता आणि त्याच्यासमोर हातात टेप घेतलेली एक सजावटवाली बाई. तिने लांबी सांगितली तेव्हा सुताराने कानावरची पेन्सिल काढता काढता विचारले, "लहान मुलाचा करायचाय का?"

"नाही हो, मोठ्या माणसांचाच. फक्त दीड वीत आखूड. रुंदीलाही चार बोटं कमी करा. आणि पाय बुटके ठेवा, म्हणजे छत उंच वाटतं."

"मग झोपायचं कसं यावर?"

"झोपायचंय कुणाला?" बाई म्हणाली.

सुताराला लाकूड वाचल्याचा आनंद झाला. त्याने शीळ घालत मला कापले. आतून पातळ प्लायवूड, वरून सागवानी रंगाचा कागद, आणि सांधे असे की पायथ्याची फळी काढली तर सगळा डोलारा खाली यावा. वरून कीर्तन आतून तमाशा म्हणतात, तो मीच. कुणाला वाटेल, निदान घडवणाऱ्याबद्दल तरी मी चार शब्द बरे बोलावेत. का बोलू? त्याला कळत होते. त्याने विचारले आणि उत्तर ऐकून करवत उचलली.

तिथून मला एका घरात नेले. ते घरही माझ्यासारखेच होते. एका रुंद रस्त्याच्या कडेला इमारतीसाठी मोठा खड्डा खणला होता आणि खड्ड्याशेजारी सॅम्पल फ्लॅट उभारला होता. अजून न बांधलेले घर कसे दिसेल ते गिऱ्हाइकांना दाखवायला उभे केलेले हे खोटे घर. एक बैठकीची खोली, तिच्याच कोपऱ्यात ओटा, आणि आत एक खोली. त्या आतल्या खोलीत माझी प्रतिष्ठापना झाली. बाकी मंडळी माझ्याच जातीची. सोफ्यावर दोन सडपातळ माणसे दम रोखून बसली असती. कपाट इतके उथळ की हँगर आडवाच अडकला असता. फ्रिजच्या जागी फ्रिजचे चित्र चिकटवलेले खोके. दारे तर लावलीच नव्हती. दार म्हटले की ते उघडायला जागा लागते, म्हणून नुसत्या चौकटी आणि त्यांना झुळझुळीत पडदे. एका भिंतीला आरसा, त्यामुळे खोली दुप्पट दिसायची आणि खोटेपणाही.

माझ्या अंगावर पातळ गादी, पांढरी शुभ्र चादर आणि बाहुलीच्या असाव्यात अशा उशा. उशाशी एक पाटी: 'कृपया पलंगावर बसू नये.' कुलूप नाही, साखळी नाही, पहारेकरी नाही. तरी कुणी बसत नसे. तुमच्यासारख्या सरळमार्गी माणसांना अडवायला 'कृपया' एवढा शब्द पुरतो, हे त्या लोकांना बरोबर माहीत होते.

घर दाखवणारा एक तरुण होता. त्याचे केस गुळगुळीत, बूट गुळगुळीत आणि जीभही तशीच. मी त्याला गुळगुळ्या म्हणतो. नव्या जोडप्याला तो म्हणायचा, "ही तुमची खोली." पोरेबाळे असतील तर "ही मुलांची खोली." सोबत म्हातारे असतील तर "आईबाबांची खोली, शांत, हवेशीर." एकाच खोलीत त्याने निम्मे शहर झोपवले.

येणारे लोक कोण होते? शाळेतल्या बाई, औषधाच्या दुकानातला कंपाउंडर, अग्निशमन दलातला जवान, रक्त तपासणारी मुलगी, कारकून. नवराबायको दोघेही कमावणारे, सकाळी डबा भरून पळणारे. स्वस्त घरांच्या सरकारी रांगेत उभे राहिले तर त्यांना सांगत, तुमचा पगार जास्त आहे. मोठ्या संकुलांच्या कचेरीत गेले तर सांगत, तुमचा पगार कमी आहे. इकडे आड तिकडे विहीर. त्यांच्यावाचून शहराचे एक दिवसही चालले नसते, पण दिवस संपल्यावर त्यांनी पाठ कुठे टेकावी हा शहराचा प्रश्नच नव्हता. आणि ते? ते माझ्यासमोर उभे राहून पडद्यांचा रंग पसंत करायचे! मला इतका संताप यायचा. अरे, पडदे कसले बघता, मला बघा!

एकदा मात्र एक गृहस्थ आले. त्यांनी मला बघितलेही नाही. फोनवर बोलत आत आले, बोलत बोलत एक अख्खा मजला घेऊन टाकला आणि बोलतच गेले. त्यांना झोपायला घर नकोच होते. त्यांना पैसे झोपवायला घर हवे होते. त्यांना कुणी कुठली खोली कुणाची ते समजावत बसले नाही.

मग एका सुट्टीच्या दिवशी ती तिघे आली.

बाई मोठ्या इस्पितळात परिचारिका होती. ठेंगणी, चटपटीत आणि तोंडाची फटकळ. नवराही तिला थट्टेने सिस्टर म्हणायचा, तेव्हा मीही तेच म्हणतो. नवरा बस चालवायचा. तो ताडमाड उंच, चौकटीतून आत येताना सवयीने मान वाकवणारा. बापाचे बोट धरून एक चिमुरडी होती, तिला चिंगी म्हणत.

सिस्टरने पडदे बघितले नाहीत. ती थेट आतल्या खोलीत आली आणि गुळगुळ्याला म्हणाली, "ही खोली आमच्या बाबांसाठी हवीय. सासरे माझे. वायरमन होते, आयुष्यभर खांबावर चढले. आता अर्धांगाचा झटका आलाय. नणंदेकडे आहेत, तिच्या पॅसेजमध्ये खाट टाकून. येणारा जाणारा त्यांना ओलांडून जातो."

"आणि तुमच्याकडे..."

"आमच्याकडे एक भाड्याची खोली. तीन पलंग आणि एक स्टूल, एवढीच. मालक म्हणतो, आजारी माणूस आणायचा नाही. नणंद तरी किती दिवस करणार? म्हणते, लवकर न्या, नाहीतर म्हाताऱ्यांच्या संस्थेत ठेवू. मी बाबांना शब्द दिलाय. घर झालं की पहिल्या दिवशी तुम्हाला आणते म्हणून."

तीन पलंग आणि एक स्टूल, हे तिचे माप होते. वीस वर्षे वॉर्डात काढलेली बाई. तिथे सगळे पलंग एका मापाचे, त्यामुळे तिला कुठलीही जागा पलंगातच दिसायची. टेप वगैरे तिला लागत नसे. तिची नजर इतकी पक्की होती की तिने कधी ती तपासली नव्हती.

ती माझ्या कुशीला येऊन उभी राहिली. मग तिने एक गंमत केली. वाकून दोन्ही हात पुढे घातले, नसलेल्या रोग्याच्या खांद्याखाली आणि कमरेखाली, आणि त्याला आपल्याकडे वळवले. मग दुसऱ्या बाजूला जाऊन तसेच केले. चिंगी खुदकन हसली.

"बघा हो," ती नवऱ्याला म्हणाली, "पलंग टाकूनसुद्धा दोन्ही बाजूंना उभं राहता येतंय. कोपर भिंतीला लागत नाही. इथं स्पंजिंग करता येईल, अंग पुसता येईल, इथं खुर्ची. बास. आपलं काम झालं."

हिशेब अगदी बिनचूक होता. फक्त मोजपट्टी मी होतो.

ड्रायव्हर माझ्याकडे जरा वाकडी मान करून बघत होता. "पलंग आखूड नाही वाटत गं?"

"मला पलंग शिकवू नका. मी तुम्हाला गिअर शिकवते का?"

"आडवा होऊन बघतो की. बाबा माझ्याएवढेच आहेत."

आणि तो खरोखर माझ्या कडेवर टेकला. मित्रांनो, आयुष्यात मी एकदाच काही मागितले असेल तर ते तेव्हा. झोप, म्हटले. झोप रे बाबा, बुटासकट झोप, तुझे पाय गुडघ्यापासून बाहेर लोंबू देत आणि या गुळगुळ्याचे थोबाड काळे होऊ दे. माझ्या फळ्या करकरल्या.

"अहो, उठा!" सिस्टरच दबक्या आवाजात ओरडली. "पाटी दिसत नाही? लोकांची चादर मळेल."

"असू दे, असू दे सर," गुळगुळ्या म्हणाला, आणि असू दे म्हणता म्हणता त्याने ड्रायव्हरला कोपराला धरून उठवले. "थंड घेणार की गरम?"

त्यांनी गरम घेतले आणि घर घेतले. हात जोडून गेली बिचारी. मला सिस्टरचा राग आला होता आणि आजही आहे. कुणी फसवायला बसलेला असतो तेव्हा त्याच्या चादरीची काळजी करायची नसते. एवढी शिकलेली बाई, सुई टोचताना दहा वेळा खात्री करणारी, आणि घर घेताना पाहुण्यासारखी वागली.

घर पाहावे बांधून म्हणतात. इथे बांधणारेही दिसेनात. खड्ड्यात पाणी साचले, मग शेवाळ, मग बेडूक. एक वर्ष गेले, दुसरे गेले. ड्रायव्हरची बस आमच्यासमोरच्या रस्त्याने जायची. तिथे थांबा नव्हता, तरी त्याची बस तेवढ्यापुरती हळू व्हायची आणि तो मान वळवून खड्ड्याकडे बघायचा. एकदा खांब वर आलेले दिसले तेव्हा त्याने हॉर्न वाजवला. प्रवाशांना वाटले असेल, गाय आडवी आली.

सॅम्पल फ्लॅटमध्ये येणारे कमी झाले. छत गळू लागले. माझ्या सागवानी कागदाला फुगे आले. सोफ्याखाली मांजर व्यायली आणि तिची पिल्ले माझ्यावर आरामात पसरली. त्यांना मी पुरायचो. ती एवढीच प्रजा माझ्यावर खूश होती, आणि मांजरांच्या मताला मी फारशी किंमत देत नाही.

शेवटी इमारत उभी राहिली आणि खोटे घर पाडायचे ठरले. मग गुळगुळ्याच्या साहेबांनी एक शक्कल काढली. टाकून द्यायला पैसे लागतात, त्यापेक्षा भेट म्हणून द्या. उरलेल्या गिऱ्हाइकांत सामान वाटले गेले. मला लाल फीत बांधली आणि सिस्टरच्या नव्या घरी नेऊन उभे केले. फुकट ते पौष्टिक म्हणून तिनेही नाही म्हटले नाही. "बाहेरच्या खोलीत राहू दे भिंतीला," ती म्हणाली. "बाबांना मी इस्पितळातला पलंग सांगितलाय. जुना आहे, पण लोखंडी, डोकं वरखाली होणारा."

तो पलंग आला तेव्हा मी भिंतीला टेकून सगळे बघत होतो. दोन हमालांनी तो जिन्याने चढवला, आतल्या खोलीत नेला, खाली ठेवला. मग त्यांना बाहेर येता येईना. दार मागून लोटले गेले होते, ते आता उघडेना. दाराची कड लोखंडी पायथ्यावर अडकली.

"फिरवा," सिस्टर बाहेरून म्हणाली.

फिरवला. आता तो खिडकीखाली आडवा बसेना. उलटा केला. दार उघडले, पण पलंग आणि भिंत यांच्यामध्ये हमाल आडवा होऊन सरकत आला आणि शर्टाची गुंडी तुटली.

"दार काढून टाकू," ड्रायव्हर म्हणाला. "पडदा लावू."

"दार काढाल हो. मी कुठं उभी राहू?" सिस्टर कशीबशी आत शिरली होती. तिने वाकून नसलेल्या रोग्याच्या खांद्याखाली हात घातला. कोपर भिंतीवर आदळले. तिने पुन्हा केले, पुन्हा आदळले. "असं कसं? मी बघितलं होतं ना. तुमच्यासमोर उभी राहिले होते. भिंत पुढे घेतलीय त्यांनी. नक्की घेतलीय!"

ड्रायव्हरने शेजाऱ्याकडून टेप आणला. खोली मोजली. ठरली होती तेवढीच होती, एक बोटही कमी नाही. बाहेरच्या खोलीत लोखंडी पलंग टाकून बघितला तर मुख्य दार अर्धेच उघडायचे. शिवाय तिथे सगळ्यांसमोर अंग पुसून घ्यायला म्हातारा कधीच तयार झाला नसता. हमाल घाई करू लागले, आणि पलंग आला तसा परत गेला.

मग मला आत नेले. मी दार अडवले नाही. माझ्या दोन्ही बाजूंना जागा राहिली, खुर्चीची जागा राहिली. सगळे चित्र त्या दिवशीसारखे. सिस्टर बराच वेळ माझ्याकडे बघत होती. मग तिने चपला काढल्या आणि माझ्यावर आडवी झाली. इतक्या वर्षांत माझ्यावर पाठ टेकणारे ते पहिले माणूस. ती एवढीशी बाई, तरी डोके एका फळीला आणि टाचा दुसऱ्या फळीला टेकल्या. ती छताकडे बघत तशीच पडून राहिली.

"अहो," ती म्हणाली, "हा पलंगच नाहीये."

ड्रायव्हर म्हणू शकला असता, मी तेव्हाच म्हणालो होतो. म्हणाला नाही. त्याऐवजी त्याने विचारले, "ताईला फोन करू का? आज निघू नको म्हणून?"

"निघाली असेल ती बाबांना घेऊन," सिस्टर म्हणाली आणि उठली. "चादर आणा."

आजोबा संध्याकाळी आले. लेकाने त्यांना पाठीवर घेऊन जिना चढवला, कारण लिफ्टही अजून नुसती दाखवायचीच होती. उंच, हाडकुळा म्हातारा, एक हात लुळा, तोंड जरासे वाकडे, पण डोळे मिश्कील. नणंदेने सगळे घर फिरून बघितले आणि भावजयीला जवळ घेतले. "सुटलो गं बाई सगळे," ती म्हणाली. कुणी तिला काही सांगितले नाही.

म्हाताऱ्याला माझ्यावर निजवले. त्याचे पाय फळीवरून बाहेर गेले, दाराच्या वाटेत. त्याने ते पाहिले, सुनेचा चेहरा पाहिला, आणि चांगल्या हाताने ओढून गुडघे पोटाशी घेतले. "मला अशीच झोप लागते सूनबाई," तो म्हणाला. "खांबावर बसून सवय झालीय. अगदी झकास खोली आहे."

खोटे बोलण्यात तोही माझ्या घराण्यातला निघाला. मी त्याचे वजन पेलत होतो आणि मनात त्याला शिव्या देत होतो. अरे ओरड, म्हटले. खोटे घर विकणारे ओरडून विकतात, आणि तू अंग चोरून घेतोस?

सिस्टर त्याला नेमाने कुशीवर वळवायची, पाय सरळ करायची, चोळायची. ती कामाला गेली की पाय पुन्हा वर यायचे. त्यांना जायला दुसरी जागाच नव्हती. हळूहळू ते सरळ व्हायला कुरकुरू लागले. मग दुखू लागले. सिस्टर अशी दुखणी रोज बघणारी. गुडघा एकाच घडीत फार दिवस राहिला की तसाच धरतो, मग देव आला तरी उलगडत नाही. तिला ते माहीत होते, आणि ते तिच्याच घरात, तिच्याच हाताखाली होत होते.

अशात एक दिवस गुळगुळ्या आला. सोबत कॅमेरावाली मुलगी. त्यांना पुढच्या इमारतीच्या जाहिरातीसाठी समाधानी कुटुंबाची फिल्म काढायची होती. तो थेट आतल्या खोलीत आला आणि मला बघून त्याचा चेहरा फुलला. "अरे वा, आमची भेट वापरताय! आजोबा, जरा पाय लांब करून ऐसपैस पडा ना. छान दिसेल."

"पाय लांब केले तर तुमच्या कॅमेऱ्याला लागतील," आजोबा म्हणाले.

कॅमेरावाली हसली. सिस्टर हसली नाही. तिने नवऱ्याला खूण केली. ड्रायव्हरने बापाला उचलून खुर्चीत बसवले.

"हा पलंग आखूड आहे," ती म्हणाली. "तुम्हाला माहीत होतं?"

"मॅडम, सॅम्पलमधलं फर्निचर शोभेचं असतं. सगळीकडेच असतं. खोली तर आम्ही ठरल्याएवढीच दिली ना?"

"मी खोली पलंगावरून मोजली."

"आता त्याला आम्ही काय करणार?" त्याचा आवाज लोण्यासारखा होता. "आणि खरं सांगू का मॅडम, एवढ्या बजेटमध्ये या शहरात एवढंच बसतं. शेवटी अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात."

"बरं," सिस्टर म्हणाली. "पसरा."

"अं?"

"झोपा त्याच्यावर. बूट असू देत. तुमचीच चादर समजा."

तो हसला. मग त्याला दिसले की दारात ताडमाड ड्रायव्हर उभा आहे आणि तो हसत नाही. गुळगुळ्या माझ्यावर आडवा झाला. त्याचे पाय घोट्यांच्या वरपासून बाहेर आले, चकचकीत बुटांसकट.

"चिंगे, दार लाव," सिस्टर म्हणाली.

ड्रायव्हर बाजूला सरकला आणि चिंगीने दार ढकलले. ते बुटांवर आपटले.

"पाय आत घ्या. अजून. गुडघे पोटाशी. हां, असं. आता असेच पडून राहा, मी ड्यूटी करून येते."

कॅमेरावालीने कॅमेरा केव्हाच खाली केला होता. मला तर आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. इतक्या वर्षांनी माझ्यावर योग्य माणूस आला होता. वाटले, आत्ता सांधे सोडून द्यावेत आणि याला घेऊन खाली बसावे.

गुळगुळ्या भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "ताई, मी चौघांत मिळून एक खोली घेऊन राहतो. आमच्यात पलंगच नाही. तीन वर्षं मी ही घरं विकली, त्यातलं एक मला परवडत नाही. मी साहेबांना विचारलं होतं, हप्त्याने तरी द्या. ते हसले."

खरे असेल. त्याच्या मोज्याला घोट्यावर भोक होते, ते मी बघितले. पण मला दया आली नाही. ज्याला स्वतःला तहान लागली आहे त्याने दुसऱ्याला रिकामा माठ विकावा, हे मला लाकडालासुद्धा पटत नाही.

खुर्चीतून आजोबा म्हणाले, "ऊठ बाळा. गुडघे धरतील."

तो उठला आणि कुणाकडे न बघता गेला. त्या म्हाताऱ्याच्या चांगुलपणाची मला मनापासून चीड आली. अशा चांगुलपणावरच त्या साहेबांच्या इमारती उभ्या राहतात.

आमच्या वरचा मजला त्या फोनवाल्या गृहस्थांचा. चार घरे, चारही मोठी, चारही कुलूपबंद. दारांवरचा प्लास्टिकचा कागदही काढलेला नाही. सिस्टरने त्यांचा नंबर मिळवून फोन केला होता. एक घर भाड्याने द्या, म्हणाली. ते म्हणाले, माणसे राहिली की घर जुने होते.

पुढचा निर्णय तिनेच घेतला. नणंदेचे घर तोवर लेकाच्या संसाराने भरले होते. एका सकाळी आजोबांचे गुडघे चोळता चोळता सिस्टर म्हणाली, "बाबा, संस्थेत पलंग पूर्ण लांबीचे आहेत. मी बघून आले. झोपून बघितलं."

"मग जाऊ की," आजोबा म्हणाले. "तू शब्द पाळलास. पहिल्या दिवशी आणलंस."

ती त्यांच्या पायांवर डोके टेकून रडली. मी तिच्यावर एवढा रागावलेलो, पण त्या दिवशी तो राग मी बाजूला ठेवला. ड्रायव्हर बापाला पाठीवर घेऊन जिना उतरला. ती हातात पिशवी घेऊन मागून गेली. जाताना तिने माझ्यावरची चादर काढून घेतली.

आता माझ्यावर चिंगी झोपते. दुसरे काय करणार? माझ्याशिवाय दुसरे काही त्या खोलीत मावत नाही, आणि दुसरे घर घेण्याइतकी ताकद त्या दोघांत उरली नाही. ती पोरगी बापावर गेली आहे. दर वर्षी तिच्या फ्रॉकची शिवण उसवून लांबी वाढवावी लागते.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू शेवटी तुम्हाला विनवतात, आमची निगा राखा, आम्हाला अडगळीत टाकू नका. मी उलट सांगतो. माझी निगा राखू नका. कुणी घर दाखवायला बोलावले तर जा, पाटीकडे बघू नका, बूटही काढू नका, सरळ पलंगावर झोपा आणि पाय ताणा. चादर मळली तर मळू द्या. आणि माझ्यासारखा कुणी तुमच्या घरात शिरलाच असेल तर त्याला मोडा. मला वाईट वाटणार नाही. मी जळतोही वाईट, नुसता डिंकाचा धूर होतो, तरी जाळा.

पण सिस्टर मला मोडणार नाही, कारण तिच्याकडे माझ्याऐवजी ठेवायला काही नाही. परवा दुपारी शाळेतून आल्यावर चिंगी दप्तर टाकून माझ्यावर पडली आणि तिला लगेच झोप लागली. सिस्टर दारात कपड्यांच्या घड्या घालत उभी होती. झोपेत चिंगीने आळस देऊन पाय लांब केले, आणि तिच्या टाचा पहिल्यांदाच माझ्या पायथ्याच्या फळीला लागल्या. तिने डोळे उघडले नाहीत. गुडघे पोटाशी घेतले आणि पुन्हा झोपली. सिस्टरच्या हातातली घडी अर्धीच राहिली.